सात फुल्या

अमेरिकेतल्या टोलेडो शहरात तेव्हा एकोणीस रेडिओ स्टेशनं होती, आणि वीस-वीस मिनिटांची रॉक गाणी अख्खी वाजवणारं एकच, आमचं. बाकीचे हसायचे. ऑक्टोबरात मालक हल्बर्टने सांगून टाकलं, या खेपेला श्रोत्यांचे आकडे वाढले नाहीत तर रॉक बंद, कंट्रीची गावरान गाणी सुरू.

आकडे ठरतात कागदी डायरीवर. पाहणी करणारी कंपनी तीन महिने दर आठवड्याला काही घरांत ती पोस्टाने पाठवते. आठवडाभर काय ऐकलं ते लिहून परत पाठवायचं. रेडिओवाल्याने माइकवर डायरीचं नावही काढायचं नाही. हे मला बारा वर्षं ठाऊक होतं.

तरी डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी मी बोललो, "घरी डायरी आली असेल तर आमचं नाव लिहा. ऐकलं नसलं तरी लिहा."

डोरीन कॉफी घेऊन परत येत होती. गाणी निवडायची ती. स्टेशन तिच्या जिवावर चालायचं. काचेपलीकडून तिने ऐकलं.

"वेन्डल, गाढवा," आत येऊन ती म्हणाली, "मोठी गाणी लावते ती तुझं तोंड बंद राहावं म्हणून."

शुक्रवारी कुणीतरी माझ्या त्या बोलण्याची टेप हल्बर्टला पाठवली. हल्बर्टने दोघांना बोलावलं.

"हे कुणी लिहून दिलं? याला स्वतःहून एवढं सुचणार नाही."

मी बुटांकडे बघत बसलो. घर, दोन पोरी, वगैरे. सगळे भेकड हेच सांगतात.

"मी," डोरीन म्हणाली.

तिला त्याच दुपारी काढलं. तिचं खोकं मी गाडीपर्यंत नेलं. "बोल की काहीतरी," ती म्हणाली, "एरवी थांबत नाहीस."

जानेवारीत आकडे आले. आम्ही दुप्पट झालो होतो, तेही पाहणीच्या पहिल्या आठ आठवड्यांतच. मी तोंड उघडायच्या आधी. पण माझ्या त्या वाक्यामुळे पाहणीवाल्या कंपनीने स्टेशनच्या नावापुढे ठपक्याची खूण केली होती. जाहिरातवाल्यांनी आकडा धरलाच नाही. फेब्रुवारीत कंट्री सुरू झालं. सकाळी माइकवर मीच.

मार्चमध्ये डोरीनचा स्टुडिओत फोन आला.

"गंमत ऐक. मला डायरी आलीय. आता मी रेडिओवाली नाही ना, म्हणून चालतं."

"काय लिहिणार?"

"'आज रेडिओ ऐकला नाही' अशी चौकट असते. सात दिवस, सात फुल्या. खरंच लिहायचं असतं त्यात." मग म्हणाली, "तू कसा आहेस?"

"बरा आहे."

हल्बर्टची खोली दोन दारं पलीकडे. दार उघडंच होतं. मी पुढचं गाणं लावलं. तीन मिनिटांचं.