सोडचिठ्ठी

जॅकेटच्या छातीवरची ती अक्षरे, गोल गोल, शेपटीवाली, एकमेकींना चिकटून बसलेल्या गोगलगायींसारखी, आग्नियाला वाचता येत नव्हती. ‘जॉर्जिया’ असे लिहिले आहे म्हणे. असेल. कुणी ‘उसनी आणलेली’ असे भरून दिले असते तरी तिने ते असेच छातीवर मिरवले असते, आणि मॉस्कोबाहेरच्या या बर्फाच्या रिंकवर निम्म्या लोकांना त्यातला फरक कळला नसता. तिने अक्षरांवरून नख फिरवले. एक धागा आताच सुटला होता. देश नवा, जॅकेट नवे, आणि शिवण ही अशी.

बायकांच्या खोलीत ओल्या मोज्यांचा वास होता. बाकड्याच्या टोकाला सतरा वर्षांची मिलाना बुटाच्या नाड्या आवळत बसली होती. तोंड सुजलेले, डोळे लाल. रडली असेल. या वयात पोरी ओटीतल्या फुटाण्यांसारखे अश्रू घेऊन फिरतात, आणि त्यांना वाटते की बर्फाला त्यांची दया येते. आग्निया मिलानाच्या वयाची होती तेव्हा पायाचे नख उखडले तरी... पण नको, मिलानाचा विचार नको. मिलाना आता ग्लेबबरोबर बर्फावर नाचत होती, आणि ग्लेब बारा वर्षे आग्नियाचा जोडीदार होता.

बारा वर्षे, आणि क्रमांक चौथा. रशियात तीन जोड्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेला जातात. चौथी जोडी घरी बसून त्यांना दूरदर्शनवर पाहते. सलग चार वर्षे ती किरोवला आईच्या स्वयंपाकघरात बसून त्या तिघींना पाहत आली — पहिलीचे हसू खोटे, दुसरीचा गुडघा कच्चा, तिसरी तर नुसती नशिबाची — आणि आई म्हणायची, “पुढच्या वर्षी, बाळा.” पुढच्या वर्षी ग्लेबने गाड्या लावायच्या जागेत, गाडीची काच निम्मीच खाली करून सांगितले की तो मिलानाबरोबर नाचणार आहे. निम्मीच. थंडी आत येईल म्हणून.

मग इनेसा अर्काद्येव्ना बाईंनी — दोघांनाही लहानपणापासून घडवणाऱ्या त्याच बाईंनी — तिच्यासमोर ज़ुराबला उभे केले. कुताइसीजवळच्या कुठल्याशा खेड्यातला, दहाव्या वर्षापासून मॉस्कोत. एकेरीतला स्केटर, उड्या जमेनात म्हणून बर्फनृत्यात आलेला. बूट घातल्यावर तिच्याएवढाच उंच. त्याच्या देशाकडे एकही जोडी नव्हती, तेव्हा निवडीसाठी झगडायचा प्रश्नच नव्हता. वासरांत लंगडी गाय शहाणी. आई फोनवर एवढेच म्हणाली होती, “लोक विचारतील तर काय सांगू?” आग्नियाने उत्तर दिले होते, “सांग, दत्तक दिली.” तेव्हापासून आई तिच्याशी फक्त हवामानावर बोलत होती.

देश बदलला की वर्षभर स्पर्धा बंद. जुन्या संघटनेने सोडले असे पत्र द्यावे लागते. त्याला सगळा रिंक सोडचिठ्ठी म्हणत असे. ते पत्र आज निघणार होते.

सकाळच्या सरावात मिलाना दोनदा पडली. दुसऱ्या वेळी ग्लेब तिला उठवायला थांबलासुद्धा नाही. स्वतःचा खांदा धरून कठड्याकडे गेला. आग्नियाने ते पाहिले आणि तिच्या पोटात काहीतरी गोड, हलकट असे पसरले... अगदी जॅमसारखे.

दुपारी उपाहारगृहात ती जाड्याभरड्या कण्यांचा भात चिवडत असताना ग्लेब ताट घेऊन समोर येऊन बसला.

“आस्या,” तो म्हणाला. तिला या नावाने तो एकटाच हाक मारी.

“बस की. बसलाच आहेस.”

“मिलाना वाढली. उन्हाळ्यात चार बोटं.”

“पोरी वाढतात. तुला कुणी सांगितलं नव्हतं?”

“माझा खांदा गेलाय तिला उचलून उचलून.” त्याने आवाज खाली आणला. “ऐक. तिसरी जोडी संपली. ती गरोदर आहे. अजून कुणाला माहीत नाही. डिसेंबरातल्या राष्ट्रीय स्पर्धेत तिसरी जागा मोकळी आहे. आपल्याला एकमेकांचे श्वाससुद्धा पाठ आहेत. आपण दोन महिन्यांत उभे राहू. तुझं पत्र अजून कचेरीतच आहे. मी तुला विचारणार ते इनेसाबाईंना माहीत आहे.”

वर्षभर तिने हा प्रसंग मनात उभा केला होता. अंघोळ करताना, मेट्रोत, ज़ुराबचा घामट तळवा हातात धरलेला असताना. त्यात ग्लेब मान खाली घालून येई, त्याचा आवाज फुटे, आणि ती एकच वाक्य बोलून निघून जाई. ते वाक्य तिने शंभरदा घासून धारदार केले होते. प्रत्यक्षात त्याच्या ओठाला कणी चिकटली होती. तो माफी मागायला विसरला होता, की त्याला ते सुचलेच नव्हते? आणि ‘आपण’ म्हणत होता... कालच सरावाहून परतल्यासारखा, मधले वर्ष म्हणजे जणू सर्दीपडसे. किती सामान्य होता हा माणूस. याच्यासाठी ती रात्र रात्र जागली होती.

ती तोंड उघडून ते वाक्य बोलायला गेली, आणि तिच्या कानांनी ऐकले ते भलतेच.

“संगीत कोणतं?”

ग्लेब हसला. जिंकलेल्या माणसाचेही नाही. किराणा आणायला सांगितले आणि तो आला, इतपतच. “तू म्हणशील ते. पाचच्या आत बाईंना सांग,” म्हणाला आणि ताट उचलून गेला.

संगीत कोणतं. वर्षभर ज्यांना ज्यांना तिने विकाऊ म्हटले होते — ग्लेबला, बाईंना, जॉर्जियाहून आलेल्या त्या पदाधिकाऱ्याला, ज्याने तिचे नाव तीनदा चुकीचे घेतले होते — त्या सगळ्यांना निदान घासाघीस करावी लागली होती. ती मात्र नुसत्या नावाच्या हाकेला शेपूट हलवून उठली होती.

इनेसा अर्काद्येव्ना बाई कठड्यापाशी फरकोट खांद्यावर टाकून उभ्या होत्या. “बोलला ना तो?”

“बोलला.”

“मग पाचला कचेरी बंद होते. एकदा पत्र गेलं की गेलं. मी कुणाला ढकलत नाही, पोरी, आणि कुणाला धरूनही ठेवत नाही.”

का धरतील? दोन्ही जोड्या त्यांच्याच. कुठल्याही पारड्यात पडले तरी तराजू यांच्याच दुकानात. “ज़ुराबला सांगितलंत?”

“ते तुझं काम,” बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या कुणावर तरी ओरडायला वळल्या.

साडेचारला दोघे बर्फावर उतरले. ज़ुराब नेहमीसारखा होता. नाक लाल, केस घामाने कपाळाला चिकटलेले. दोन फेऱ्या झाल्यावर तो कठड्यापाशी थांबला, थर्मासातला चहा झाकणात ओतून तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, “ग्लेबने विचारलं का?”

“तुला कुणी सांगितलं?”

“मिलाना बाहेर रडत होती. मी रुमाल दिला तिला.”

“तू तिला रुमाल दिलास.”

“नाक वाहत होतं तिचं.” तिच्या हातातले रिकामे झाकण घेऊन त्याने ते पुन्हा घट्ट केले. “तुझ्या जागी मी असतो तर गेलो असतो.”

“एवढं सरळ?”

“तिसरा नंबर आहे तो. माझ्याबरोबर तू जगात विसावी येशील. नशीब जोरावर असलं तर अठरावी.” त्याने थर्मास कठड्यावर ठेवला. “फक्त बूट काढायच्या आधी सांग मला. आईला फोन करायचाय. ती तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणतेय. एव्हाना दुसऱ्या पायाला लागली असेल. उगाच बोटं दुखवून घेईल.”

आग्निया वाट पाहत राहिली. आता ते मनातले हिणवणे येईल... इतक्या वर्षांत कधीही चुकले नव्हते, कुणीही समोर आले की आधी ते येई आणि मागून माणूस दिसे. मूर्ख, तिने मनात म्हणून पाहिले. लाचार. खेडवळ. बुटका. शब्द एकेक करून त्याच्यापर्यंत गेले आणि कुठेही न चिकटता खाली पडले. तो रागावलेला नव्हता, उदारही झालेला नव्हता. त्याने हिशेब मांडला होता, त्यात स्वतःला धरले नव्हते, आणि ते त्याच्या लक्षातही आलेले दिसत नव्हते.

विसावी. अठरावी. आणि तिथे डिसेंबरात तिसरी. दूरदर्शनच्या या बाजूला नव्हे, त्या बाजूला. हे अजून तिला हवे होते. हवेपणा जागच्या जागी होता, पोटात, तस्साच भुकेला. फक्त त्याच्याभोवतीची सालपटे कुणीतरी सोलून काढल्यासारखे झाले होते, आणि उघड्यावर तो इतका लहान दिसत होता की तिला त्याच्याकडे पाहवेना.

“चला,” बाईंचा आवाज आला. “पाचला दहा कमी. एकदा उचलून बघा आणि मग काय ते बोला.”

संगीत सुरू झाले. ज़ुराबने गुडघे वाकवले, तिच्या कमरेखाली खांदा दिला, आणि बर्फ पायांखालून निघून गेला. हजारो वेळा ती अशी हवेत गेली होती. आधी ग्लेबच्या खांद्यावरून, मग याच्या. पाठ कमानीसारखी, हात मागे, तोंडावर ते हसू. तिथून खाली सगळे लहान दिसत: बाई, मुली, परीक्षक, कठड्यामागची माणसे... आणि तिला ते तसेच आवडत.

आज तिने खाली पाहिले. सगळे आपापल्या मापाचे होते. तिच्या मांडीखाली ज़ुराबचा श्वास जड, नियमित चालू होता. ती राहणार की जाणार हे त्याला अजून कळलेले नव्हते आणि तरी पकड ढिली नव्हती. आग्नियाची बोटे आपोआप त्याच्या शर्टात रुतली. सहाव्या वर्षापासून बर्फावर असलेल्या तिला आयुष्यात प्रथमच उंचीची भीती वाटली.