दमाच्या चौकटीत

निशिगंधाने दाताने टिकल्यांचं पाकीट फोडलं. मतांचे स्टिकर आणायचे राहून गेले, म्हणून बैठकीच्या अध्यक्ष कुसुमताईंनी खालच्या दुकानातून लाल टिकल्या मागवल्या होत्या. चाकण भागातल्या तरुणांच्या तंदुरुस्तीत पुढची काही वर्षं काय मोजायचं, कशावर अभ्यास करायचा, ते भिंतीवरच्या तक्त्यावर प्रत्येकी तीन टिकल्या लावून ठरणार होतं.

"कपाळाला लावू नका, भाऊ. मत बाद व्हईल," कुसुमताई म्हणाल्या. पुरुष हसले.

वजन.

टिकल्या भराभर लागल्या. काटा कुठेही मावतो.

लवचिकता.

पुष्कळ. एक सतरंजी अंथरली की झालं.

झोप.

बऱ्यापैकी. ती तर विचारूनच लिहायची.

दम.

इथे मोजक्याच, त्यातल्या दोन निशिगंधाच्या.

दम मोजायचा तर पोरांना पळवावं लागतं, आणि पळवायला मैदान लागतं. ती खेळ शिकवायची त्या शाळेचं मैदान त्यामुळेच शाबूत राहिलं होतं. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे दादासाहेब तिथे ट्रेलर उभे करायला टपलेले. दर वर्षी ती पळण्याच्या चाचणीचा कागद पुढे करून त्यांना थोपवायची. पहिले तीन विषय राहणार होते. दम चौथा. लावायच्या दोनच टिकल्या उरल्या होत्या, एक तिची, एक धम्मरत्नची. दोन्ही इथे लागल्या तर दम झोपेच्या वर जात होता.

धम्मरत्न तिचाच विद्यार्थी. त्या मैदानावर त्याच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. आता तो कंपन्यांना कंत्राटी पोरं पुरवायचा. ती त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. नजर दमाच्या चौकटीवर होती.

"माझी टिकली नका मागू, मॅडम," तो हळूच म्हणाला. "तुमचे आकडे नावांसकट कंपनीत पोचले. ज्या पोरांचा दम कमी निघाला त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. पळायला कुठे घेतात त्यांना? उभं राहायलाच घेतात."

"म्हणून मोजायचंच नाही?"

"इतकी वर्षं मोजलंत. पुढे काय झालं?"

दर वर्षी ती आकडे वर पाठवायची. वरून पोच यायची.

त्याने टिकली वजनावर लावली. तिची बोटावरच राहिली.

"चला, जेवणं थंड होत्यात," कुसुमताई म्हणाल्या आणि गच्चीकडे निघाल्या. लिफ्ट बंद होती.

बाकीचे सगळे पुढे चढून गेले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर धम्मरत्न थांबला. भिंतीला खांदा टेकवून त्याने फोन कानाला लावला.

"व्हा पुढे, मॅडम. कॉल आलाय."

फोनचा पडदा काळाच होता. त्याच्या शर्टाची बटणं वरखाली होत होती.

निशिगंधाच्या गळ्यात सवयीने अडकवलेलं स्टॉपवॉच होतं. अंगठा बटणावर गेला, तिथेच थबकला. मग तिने घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि चेन लावायला उगीच वेळ घेतला.

"बाई, तो पोरगा कुठं राह्यला?" वरून कुसुमताईंची हाक आली.

"येतोय," निशिगंधा म्हणाली. "त्याचा फोन चाललाय."