माझ्या उलट गुंडाळलेला

मित्रांनो, तुम्ही विजेवर वाजणारी गिटार पाहिली असेल. तिच्या तारा पाहिल्या असतील, वाजवणाऱ्याची बोटे तर नक्कीच. मला मात्र कोणी पाहत नाही. मी तारांखाली लाकडात बसवलेला, बोटाएवढा लांब असा एक जुना पिकअप आहे. माझ्या पोटात सहा लोहचुंबक उभे आहेत आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे घेऊन बसली आहे. वर गिटारीची तार थरथरली की मला ते कळते आणि मी ते वायरीतून स्पीकरपर्यंत पोहोचवतो. थोडक्यात, गिटारीचा कान म्हणजे मी. कानाने नम्र असावे असे म्हणतात. मी तसा नव्हतो. माझी गोष्ट पराक्रमाची नाही, ती माझ्या जळफळाटाची आहे. देवासमोर कबूल करून झाली आहे, आता तुमच्यासमोर करतो.

एका कारखान्यात लांब टेबलाशी बसलेल्या बाईने मला गुंडाळले. माझ्या पाठोपाठ त्याच यंत्रावर, त्याच दिशेने तिने माझा धाकटा भाऊ गुंडाळला. मला गिटारीच्या मानेजवळ बसवले. त्याला बसवले घोडीजवळ, म्हणजे तारा जिथे टेकतात तिथे. तिथल्या जागेचाच गुण असा की त्याचा आवाज धारदार निघे, माझा जाड आणि मऊ. दुकानात येणारा प्रत्येक जण त्याला वाजवून म्हणायचा, "वा, काय धार आहे!" मला वाजवून म्हणायचा, "हं, बरा आहे." त्या 'हं'ने माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली, ती वर्षानुवर्षे थांबली नाही.

पुढे एका शिंपीण ताईने आमची गिटार घेतली. ताईचे वडील, आबा, कुलूप-किल्ल्यांचे काम करीत. पण त्यांचा खरा जीव होता गाऊन सांगायच्या प्रवचनात. दर आठवड्याला एका सकाळी सायकलदुकानाच्या माडीवरच्या प्रार्थनेच्या खोलीत ते उभे राहत. खोलीत नऊ बाके, चार ट्यूबलाइट, एक खिडकी, आणि खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. त्या खोलीच्या दाराचे कुलूप आबांनीच केलेले होते आणि किल्ली त्यांच्याच जुडग्यात असे. गोष्ट बोलता बोलता ते गाऊ लागत, गाता गाता पुन्हा बोलू लागत, आणि ताई शेजारी स्टुलावर बसून त्यांना सूर देत राही.

असे एकवीस वर्षे चालले. मग माझा धाकटा भाऊ गेला. हाताचा घाम वर्षानुवर्षे आत झिरपला आणि त्याचा एक वेढा गंजून तुटला. एवढ्याने आमचा जीव जातो. मित्रांनो, खरे सांगतो, मला वाईट वाटले नाही. आता सगळी गिटार माझी, असे वाटले.

माझे सुख दीड वर्ष टिकले. नंतर आबांच्या घशाचे मोठे दुखणे निघाले. ते बरे झाले, पण आवाज परत आला तो अर्धाच. गाणे कसेबसे निभावे, पण गोष्टीतली हळू बोलायची जागा आली की त्यांचा शब्द पहिल्या बाकाच्या पुढे जाईना. त्या जागी ताई एकच तार छेडून सोडून देई. सूर विरत जाई आणि त्या विरण्यावर आबा बोलत. आता सूर विरला की मागे राहायची ती माझी घरघर. घूंऽऽ. ट्यूबलाइटच्या आणि विजेच्या वायरींच्या आसपासचे सगळे मी ऐकतो आणि ते सुरात मिसळतो. माझ्या जातीला ते टाळताच येत नाही. पूर्वीही मी घरघरत होतो, पण आबांच्या खणखणीत आवाजापुढे कुणाला त्याचा पत्ता नव्हता. ताईने आवाजाचे बटण खाली घेतले की घरघर जाई, पण सूरही जाई, आणि सुराशिवाय आबांना पुढचा शब्द सापडत नसे.

शेवटच्या बाकावर इस्त्रीवाली आजी बसे. तिला कमी ऐकू येई, पण तिचा स्वतःचा आवाज मात्र दणदणीत. हळू जागा आली की ती शेजारणीला विचारी, "काय म्हणाले?" सगळी खोली हसे. आबाही हसत. पण घरी जाताना जिन्यात ते ताईला म्हणाले, "मागच्या बाकापर्यंत गोष्ट जात नसेल तर ती सांगायची कशाला? महिनाभर बघतो. नाहीतर किल्ली देऊन टाकतो."

दुसऱ्या दिवशी ताईने गिटार पाठीवर टाकली आणि रेडिओकाकांकडे नेली. रेडिओकाका म्हणजे आमच्या रस्त्यावरचे जुने दुरुस्तीवाले. त्यांच्या टेबलावर उघडे पडलेले रेडिओ असत आणि एका रेडिओच्या पोटात त्यांचा चष्मा.

"दोन्ही नवे बसवा काका," ताई म्हणाली. "मेलेला पण, आणि हा घरघर्या पण."

घरघर्या! बावीस वर्षे सेवा केली, आणि हे नाव.

"मोठ्या नावाची जोडी घेतलीस तर गिटारीपेक्षा पिकअप महाग पडतील," काका म्हणाले. "घोड्यापेक्षा लगाम भारी. आधी माप घे. तू शिंपीण, तुला काय सांगायचं?"

ताईने टेप काढला. दोन स्क्रूंमधले अंतर, पहिल्या तारेपासून सहाव्यापर्यंतचे अंतर, खाचेची खोली, सगळे तिने मापाच्या वहीत लिहिले, एका कोटाच्या आणि एका परकराच्या मापामध्ये. काकांनी मीटरच्या दोन सुया मला लावून माझी ताकद पाहिली. "नवा याच्या आसपासच्या ताकदीचा हवा. फार जोराचा घेतलास तर एक ओरडेल आणि दुसरा कुजबुजेल. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला, असं काही नसतं."

त्यानंतरचे दोन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट. ताई इस्त्री करता करता फोनवर वेगवेगळ्या पिकअपांचे आवाज ऐके, आणि मी समोरच्या भिंतीवर टांगलेला. मुलीसाठी स्थळे पाहावीत तशी ती पाहणी चालली होती. हा फार तिखट. हा गोड आहे, पण लाकूड कोरावे लागेल. हा जाड दुपदरी, घरघरत नाही, पण याच्या आवाजात आबांचा सूर बुडेल. हा कुणाच्या तरी मोडक्या गिटारीतून काढलेला, चांगल्या घराण्यातला, पण जिवंत आहे की नाही कोण सांगणार? मी प्रत्येकाला नाक मुरडत होतो. सवतीमत्सर म्हणतात तो हाच, हे मला भिंतीवर कळले.

शेवटी ताईने एक जोडी जवळजवळ ठरवली. तेव्हा काका मान हलवत म्हणाले, "दोन कशाला घेतेस? हा म्हातारा अजून ठणठणीत आहे. याला राहू दे. याच्या उलट गुंडाळलेला एकच घे. तारेचे वेढे उलट आणि लोहचुंबकही उलट. छोटे कारखानेवालेसुद्धा तसा बनवून देतात, स्वस्तात."

"उलट घेऊन काय होईल?"

"दोघांना एकदम वाजवलंस की घरघर जाईल."

ताईने शिवणयंत्राची बॉबिन कशी फिरते ते हवेत बोट फिरवून पाहिले. "म्हणजे माझ्या बॉबिनीसारखं. एक या अंगानं, एक त्या अंगानं."

मी वाचलो होतो, मित्रांनो. मी आभार मानायला हवे होते. पण माझ्या मनात आले ते एवढेच: माझ्या शेजारी, माझ्या उलट, कालचा पोर!

तो आला एका साध्या पुठ्ठ्याच्या डबीत. डबीवर धड नावही नव्हते. पांढरे शुभ्र झाकण, आणि त्याच्याबरोबर मोजमापे लिहिलेली एक चिठ्ठी. ताईने सवयीप्रमाणे चिठ्ठी मापाच्या वहीत सरकवली आणि पिकअप काकांना नेऊन दिला. काकांनी भावाला बाहेर काढले, नव्याला आत बसवले, त्याची काळी वायर डोळे झाकून जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, जोडली, पांढरी सुराला. खटका मधे ठेवला की आम्ही दोघे एकदम बोलणार होतो. घाईत कुणी ऐकून पाहिले नाही, कारण प्रवचनाला अर्धाच तास उरला होता.

त्या सकाळी आबांनी म्हाताऱ्या द्वारपालाची गोष्ट घेतली होती. त्याला दिसत नाही. रोज तो दाराशी बसून कुणाच्या तरी पावलाची वाट पाहतो. आबा गाऊ लागले:

*दार लोटू नका, कुणी येत आहे,*
*पायरीला पाऊल सांगत आहे.*

ताईने खटका मधे केला आणि तार छेडली. निघाला तो पत्र्याच्या डब्यातला आवाज. पोकळ, चिरका, नाकातून बोलल्यासारखा. आणि घरघर? ती दुप्पट झाली. काय सांगू, मला आतून उकळ्या फुटल्या. नव्याची नवलाई! बघा म्हणावे, कुणाला आणून बसवले माझ्या शेजारी!

आबा हळू जागेवर आले. त्यांचे ओठ हलले. मागून आवाज आला, "काय म्हणाले?"

या वेळी कुणी हसले नाही. आबा थांबले. "आजची गोष्ट इथंच," ते म्हणाले, आणि बाकावर बसून जुडग्यातून खोलीची किल्ली काढू लागले. स्वतः घडवलेली किल्ली. कडी घट्ट होती, आणि किल्ली निघता निघेना. ताई बघत राहिली. तिने मदत केली नाही.

आवाजाचे बटण अजून वरच होते, मी जागाच होतो. मला ते सगळे ऐकू आले, कडीचा खरखराटसुद्धा. तेव्हा माझ्या उकळ्या निवल्या. मला हवे होते ते झाले होते, आणि ते माझ्याच माणसाच्या हातातून किल्ली काढून घेत होते.

दोन दिवसांनी एक गिऱ्हाईक पँटची कंबर सैल करायला आले. ताईने वही उघडली आणि चिठ्ठी खाली पडली. तिने ती वाचली, एकदा, दोनदा, आणि गिऱ्हाइकाला तसेच बसवून काकांकडे धावली.

"काका, इथे लिहिलंय: पांढरी जमिनीला, काळी सुराला."

काकांनी चष्मा शोधून चिठ्ठी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "चाळीस वर्षं काळी म्हणजे जमीन. हात आता डोळ्यांना विचारतच नाहीत गं. पण ही चिठ्ठी होती कुठे?"

"मापाच्या वहीत. मला वाटलं, माप आहे."

"शाबास. मी आंधळा, तू शिंपीण. आणि शिव्या खाल्ल्या त्या बिचाऱ्या नव्यानं."

काकांनी आता काट्याचा मीटर लावला. स्क्रूड्रायव्हर माझ्यावर टेकवून उचलला, काटा एका बाजूला हलला. नव्यावर टेकवून उचलला, काटा विरुद्ध बाजूला. म्हणजे मी तारेला 'ये' म्हणत होतो तेव्हा तो 'जा' म्हणत होता. आम्ही एकमेकांचा सूर खात होतो आणि घरघर मात्र दोघे मिळून वाढवत होतो. काकांनी त्याच्या दोन वायरी अदलाबदल करून पुन्हा कथलाचा डाग दिला. पुन्हा टेकवले. दोन्ही वेळा काटा एकाच बाजूला.

ताईने खटका मधे केला. काही ऐकू आले नाही. तिने स्पीकरच्या दिव्याकडे पाहिले. "बंद आहे का?"

"चालू आहे," काका म्हणाले. "वाजव."

तिने तार छेडली. तो आवाज माझा होता आणि माझा नव्हता. माझी जाडी होती, त्याची धार होती. माझी घरघर एका अंगाने वर जात होती, त्याची त्याच वेळी खाली, आणि दोन्ही मिळून शून्य. तारेचे बोलणे मात्र दोघांकडून सरळ निघत होते, कारण त्याचे वेढे उलट आणि चुंबकही उलट. दोनदा उलटवलेले कापड सुलटेच होते ना, तसे.

पुढच्या प्रवचनाला आबा येणार नव्हते. ताई म्हणाली, "किल्ली द्यायची तर द्या, पण द्वारपालाला दारात बसवून सोडू नका. गोष्ट पुरी करा." या बोलण्यापुढे त्यांचे काही चालले नाही.

त्याच नऊ बाकांसमोर तेच पद झाले. ताईने तार छेडून सोडली. सूर विरत गेला आणि त्याच्या मागे काहीच उरले नाही. ट्यूबलाइट जळत होते, विजेच्या वायरी तिथेच होत्या, आणि तरी खोली रिकाम्या घागरीसारखी शांत. आबा त्या शांततेत, जेमतेम ओठ हलवून म्हणाले, "आणि मग पायरीवर पाऊल वाजलं. द्वारपालानं विचारलं, कोण आहे? बाहेरून उत्तर आलं, मीच. रोज मीच यायचो. तू कुलूप काढायचा थांबला होतास."

सगळी खोली शेवटच्या बाकाच्या प्रश्नाची वाट पाहत राहिली. तो आला नाही. इस्त्रीवाली आजी पदराने डोळे टिपत होती.

किल्ली जुडग्यातच राहिली.

मित्रांनो, मी आता साधू झालो असे समजू नका. ताई कधी खटका फक्त नव्याकडे करते, तेव्हा माझ्या पोटात अजून थोडे दुखते. पण तो एकटा असला की तोही माझ्यासारखाच घरघरतो, हे मला आता ठाऊक आहे. तुमच्या घरात जुनी वस्तू असेल तर ती टाकण्यापूर्वी एकदा मीटर लावून पाहा. तिच्यात जीव असेल. वाजवून झाल्यावर तिच्या अंगावरचा घाम कोरड्या फडक्याने पुसा, माझा भाऊ तेवढ्यासाठी गेला. नव्याबरोबर आलेली चिठ्ठी वाचा. आणि तुमच्या शेजारी कुणी अगदी तुमच्या उलट वळणाचा येऊन बसला, तर लगेच जळू नका. तुमची घरघर घालवणारा कदाचित तोच असेल.