न दिलेल्या मताची शाई

आमच्या गल्लीतल्या पेंटरबुवांचा हात असा, की त्यांनी धान्याच्या दुकानाच्या पाटीवर मांजर काढलं आणि त्याच आठवड्यात दुकानातले सगळे उंदीर बिऱ्हाड हलवून शेजारच्या शिंप्याकडे राहायला गेले. शिंपी अजून बुवांशी बोलत नाही. कुणाला हे खोटं वाटत असेल तर त्याने शिंप्याकडे कापड टाकून बघावं.

हाच हात त्यांना तुरुंगात घेऊन गेला. चोरीच्या गाड्यांना ते नव्या नंबरप्लेटा रंगवून द्यायचे. पकडायला आलेल्या फौजदाराने म्हणे आधी अक्षराचं कौतुक केलं आणि मग बेड्या घातल्या. बुवा आत असताना निवडणूक आली. त्यांनी पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारलं, "आमचं मत कधी घेणार?"

शिपाई हसला. "कैद्याला कसलं मत? विसरा आता ते."

बुवा तसे आज्ञाधारक. ते जन्मभरासाठी विसरले.

सुटून आल्यावर मुलाचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांना सांगितलं, की बुवा मधली वर्षं परदेशी बंदरात जहाजं रंगवत होते. त्या जहाजांची बुवांनी अशी काही वर्णनं केली, की व्याह्यांना बसल्या जागी मळमळायला लागलं. सूनबाई घरात आली. ती दवाखान्यात नर्स. पहिलीच निवडणूक आली तेव्हा म्हणाली, "बाबा, उद्या सगळे मिळून जाऊ मतदानाला."

आता हिला काय सांगणार? बुवांनी मागच्या खोलीत जाऊन व्हार्निशमध्ये काळा-जांभळा रंग खलला, बारीक ब्रश घेतला आणि नखापासून कातडीपर्यंत सुरेख रेघ ओढली. सकाळी चहाच्या वेळी बोट पुढे केलं. "मी जाऊन आलोसुद्धा. गर्दी नको म्हणून."

तेव्हापासून हे दर निवडणुकीला. सरकारी शाई महिन्या-दीड महिन्यात नखाबरोबर वाढून जाते, बुवांची पुढची निवडणूक येईस्तोवर ताजी. बरं, माणसाने गप्प राहावं की नाही? पण खोट्याला भूक फार. बुवा न्हाव्याच्या दुकानासमोर बोट वर करून उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला झापायचे, "तुमच्यासारख्या आळशांनी वाटोळं केलंय. आम्ही बघा." न्हावी बिचारा गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून मत द्यायला पळायचा.

यंदाही सकाळी बोट रंगवून बुवा चौकातल्या कुलूपवाल्याकडे जाऊन बसले. हा त्यांचा आतला सोबती. दुसऱ्यांची कुलपं उघडायची सवय त्याला नडली होती. बुवांच्या तुरुंगाचं गुपित घराबाहेर ठाऊक असलेला तो एकटाच. त्याच्याही बोटाला शाई होती.

"झकास जमलीय रे," बुवा बोट निरखत म्हणाले. "कुठला रंग वापरलास?"

"रंग कसला? मत देऊन आलोय."

"आपलं मत गेलंय ना पण?"

"कुणी सांगितलं?"

"आत. त्या शिपायाने."

"अरे येड्या, आत असेस्तोवर नाही. बाहेर आलास की तुझं तुला परत. इतकी वर्षं तू करत होतास काय?"

बुवा स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले. "रंगकाम," म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बोट टर्पेंटाइनमध्ये बुडवलं, पॉलिश पेपरने घासलं. कातडी सोलली, रेघ हलेना. हात तसाच होता ना त्यांचा. आता मत द्यायचं तर सगळं सांगावं लागणार होतं, आणि सांगायचं नाही तर मत नाही. दुपारभर ते खाटेवर बसून राहिले. मग चपला घातल्या.

मतदान शाळेच्या एका वर्गात होतं. रांगेत न्हावी होता आणि नेमकी कामावरून परस्पर आलेली सूनबाईही.

"बाबा? तुम्ही परत कसे?"

बुवांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. टेबलामागच्या चष्मेवाल्या बाईंनी बोट बघितलं. "आजोबा, तुमचं झालंय."

"नाही झालं."

"यादीत तुमच्या नावापुढे सही नाही, आणि बोटाला शाई. दुसरीकडे कुठे देऊन आलात?"

"हा रंग आहे. मीच लावला."

"कशाला?"

"हौस असते एकेकाची," रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

बुवांचा आवाज इतका खाली गेला की बाईंना टेबलावर वाकावं लागलं. "मी तुरुंगात होतो. मत कायमचं गेलं असं वाटलं. घरी कळू नये म्हणून लावत होतो."

हसणं थांबलं. न्हावी भिंतीकडे बघत पुटपुटला, "आणि आम्हाला शिकवत होते." केंद्रावरचे मोठे साहेब आले, त्यांनी बुवांचं बोट नाकाशी नेलं. व्हार्निशचा वास अजून होता. "यांच्या दुसऱ्या बोटाला शाई लावा," ते बाईंना म्हणाले.

आडोशामागे गेल्यावर बुवांना एकही चिन्ह नीट दिसेना. कुठलं बटण दाबलं ते त्यांना आजही सांगता येत नाही.

घरी जाताना सूनबाई पुढे, बुवा दोन पावलं मागे.

"जहाजं?" तिने वळून न बघता विचारलं.

"नव्हती."

"एकही?"

"एकही नाही, पोरी."

"माझे वडील अजून लोकांना सांगतात त्या जहाजांबद्दल."

गल्लीच्या तोंडाशी वाणसामानवाली मावशी बसली होती. तिचे डोळे घारीचे. "काय बुवा, यंदा दोन-दोन बोटं? दोनदा दिलंत की काय?"

"शाई सांडली, मावशी," सूनबाई पटकन म्हणाली.

सुई टोचताना 'दुखणार नाही' एवढंही जिच्याच्याने म्हणवत नाही, ती ही पोर. तिचे कान लालभडक झाले. शब्द तोंडातून गेला तशी तिने मान खाली घातली, आणि ते बघून बुवांना वाटलं की फौजदाराच्या बेड्या बऱ्या होत्या. वर्गातल्या रांगेसमोर त्यांना जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी इथे वाटली. आपलं खोटं आता हिला बोलावं लागतंय.

मावशीचं समाधान झालं होतं. ती डाळ मोजायला वळलीसुद्धा.

"सांडली नाही," बुवा म्हणाले.

"अं?"

"शाई सांडली नाही. सूनबाईने माझ्यासाठी सांगितलं तसं. मावशी, एखादं स्टूल असेल तर द्या. सांगायला जरा वेळ लागेल."

मावशीने स्टूल सरकवलं. बुवा बसले. सूनबाई घराकडे गेली नाही. पिशवी दोन्ही हातांत धरून तिथेच उभी राहिली, त्यांच्याकडे न बघता.