अर्धवेळ माणसाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि माझ्या मनात राग आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर बाकाकडे जा, तो स्वभावानं गरीब आहे.

मला निजामाच्या कचेरीसाठी घडवलं. सागवानी अंग, दोन भक्कम हात, वेताची बैठक. माझ्यावर बसून साहेब हुकूम सोडत. पोलिस ॲक्शननंतर राज्य बदललं, कचेरीतलं सामान लिलावात निघालं आणि मी उस्मानाबादेत पाद्र्यांच्या कॉलेजात आले. तोवर माझा वेत फाटला होता, म्हणून मला जिन्याखाली टाकून दिलं. शेजारीच प्राध्यापकांची खोली होती. तिथं प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर कायम नोकरीतल्या प्राध्यापकाचं नाव रंगवलेलं. ज्याचं नाव नाही त्यानं उभं राहायचं, अशी तिथली रीत होती.

असे उभे राहणारे एकटे आयुब सर. येडशीहून मोटारीनं येत, पहिल्या वर्षाच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवत आणि लगेच परतत. एकदा त्यांनी विभागप्रमुख श्रीमंतरावांना विचारलं, "सर, जरा टेकायला जागा मिळंल का?"

"अर्धवेळ माणसाला पूर्ण खुर्ची कशाला?" श्रीमंतराव म्हणाले, आणि सगळी खोली हसली. ते शब्द मी जपून ठेवले.

आयुब सरांनी मला बाहेर ओढलं, पुसलं, आणि घरी बाज विणतात तशी काथ्यानं माझी बैठक विणली. मागं बाजेसारखी दावणही ठेवली. काथ्या सैल पडतो, म्हणून बसण्याआधी ती दोरी ओढून घट्ट करावी लागते. सर रोज न विसरता ओढत. इतक्या मायेनं मला कुणीच हात लावला नव्हता. तासाला ते मला उचलून वर्गात नेत; तिथं मी त्यांची होते.

त्या वर्षी त्यांची जागा कायम होणार होती. पण श्रीमंतरावांना तिथं आपला भाचा चिकटवायचा होता. प्राचार्य असलेले फादर आयुब सरांचा तास बघायला येणार, त्या सकाळी श्रीमंतरावांनी मला सरांच्या हातातून काढून घेतलं, शेवटच्या बाकाशी ठेवलं आणि धपकन बसले. ईट नावाच्या खेड्यात बाजेवरच वाढलेला माणूस, पण दावण ओढायची विसरला. मी मनात म्हटलं, बस बाबा, आरामात बस.

सरांनी रामलिंगाच्या डोंगरातली सीताफळं आणली होती. बब्रुवान नावाच्या मुलाला पुढं बसवून त्यांनी एक दिलं.

"कसं लागलं?"

"लई गोड, सर!"

मग आणखी एक, आणि आणखी. शेवटी बब्रुवाननं हात जोडले. "आता फुकट दिलं तरी न्हाय, सर!"

"हाच घटत्या उपयोगितेचा नियम," सर म्हणाले. फादरांनीही हसत एक सीताफळ उचललं.

"तुमचं मत काय?" त्यांनी मागं वळून श्रीमंतरावांना विचारलं.

वर्गात फळं चारणं म्हणजे शिकवणं नव्हे, असं ते बोलणार होते. दातओठ खाऊन तयारच होते. तेवढ्यात मी काथ्या सोडला. ते खचकन खाली गेले आणि गुडघे हनुवटीला टेकले. उठायला लागले तर मीही त्यांच्याबरोबर उठले. काही पोरं त्यांना ओढत होती, काही मला. माझ्या दोन्ही हातांनी मी त्यांना गच्च धरलं होतं. सुटका होईपर्यंत फादर आयुब सरांची पाठ थोपटून निघूनही गेले होते. काय सांगू मित्रांनो, इतका आनंद मला साहेबांच्या काळीही झाला नव्हता!

आयुब सर कायम झाले. त्यांना नवी खुर्ची मिळाली, पाठीवर नाव रंगवलेली. मला त्यांनीच जिन्याखाली नेऊन ठेवलं. "नंतर बघू," म्हणाले. मी वाट बघितली. ते रोज माझ्यासमोरून जात.

यंदा अर्थशास्त्राला नव्या बाई आल्या आहेत, अयोध्याबाई. त्याही अर्धवेळ. काल त्यांनी खोलीच्या दारातून विचारलं, "सर, जरा टेकू का कुठं?"

"बाई, अर्धवेळ माणसाला पूर्ण खुर्ची कशाला?"

खोली हसली. आवाज मी लगेच ओळखला. तो आयुब सरांचा होता.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची कदर करा, असं सांगून मी थांबायला हवं. कराच. आणि अयोध्याबाईंना सांगा, जिन्याखाली एक खुर्ची आहे, बसण्याआधी तिची दावण ओढा. आयुब सरांना मात्र काही सांगू नका. एक दिवस तेही मला बाईंच्या हातातून काढून घेतील. दावण ओढायची त्यांची सवय आता मोडली आहे.