एक पायरी खाली

विद्याश्रीने विळीच्या पात्याला खोबरेल चोळलं, अर्धा फणस पुढ्यात ओढला आणि नवऱ्याला म्हणाली,

“अहो, तो पेपर स्वल्प वाचून दाखवता? माझे हात चिकट आहेत.”

रविवार होता. खाली चिकपेटेतलं साड्यांचं दुकान बंद होतं. किरणकुमारने आळस देत पेपर उचलला.

“काय वाचू? सोन्याचा भाव?”

“एम.एस्सी.ची जाहिरात. खालच्या कोपऱ्यात.”

“कुणासाठी? शेजारच्या रूपश्रीसाठी? ती अजून बारावीच्या पी.यू.सी.तच लटकलीय.” तो हसला, पण वाचू लागला.

*अर्जदाराकडे मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी असावी.*

“आहे,” विद्याश्री म्हणाली.

*पदवीच्या तिन्ही वर्षी गणित हा विषय घेतलेला असावा.*

“घेतला होता.”

*किमान पन्नास टक्के.*

“अडुसष्ट.”

किरणने पेपर खाली केला. त्याची आई, भागीरथीबाई, गरे सोलत होत्या. त्यांच्या हातातली आठळी निसटून भिंतीपर्यंत घरंगळत गेली.

“कुणाचं सांगतेयस हे?”

“माझं, अम्मा. मी बी.एस्सी. आहे.”

स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगी पी.यू.सी. पास होती. साखरपुड्याला पी.यू.सी. होती. लग्नात, बारशांत, हळदीकुंकवात, तीन वर्षं, सगळ्या चिकपेटेत

पी.यू.सी.

“माझ्या अप्पांनी ठरवलं तसं. मुलगा बी.कॉम., म्हणजे मुलगी एक पायरी खाली हवी. थोरल्या अक्काची दोन स्थळं शिक्षण जास्त म्हणून परत गेली होती.”

“म्हणजे फसवलंत आम्हाला!” भागीरथीबाईंचा आवाज चिरकला. “तू त्या रूपश्रीला गणितं शिकवायचीस, आणि मी देवळात बायकांना सांगत फिरले, आमची सून नुसती पी.यू.सी., पण डोकं बघा!”

“उद्या शेवटची तारीख आहे. मार्क्स कार्डं देवनहळ्ळीला अप्पांच्या ट्रंकेत आहेत, इथे कुणाला दिसायला नकोत म्हणून.” इथवर ती शांतपणे बोलत होती. “दर वर्षी मी ही जाहिरात वाचते आणि तारीख जाऊ देते. या वर्षी नाही जाऊ देणार.”

“ऐकलंस? बोल की रे! बी.कॉम. झालेला माणूस तू, बायकोने असं…”

“अम्मा, पुरे.”

“का पुरे? त्यांनी आपल्याला…”

“त्यांनी मुलीला उतरवलं. तू मला चढवलंस.”

विद्याश्री दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. कुणीच तिच्याकडे पाहत नव्हतं.

“मी पी.यू.सी. नापास आहे,” किरण म्हणाला. तो पेपरकडेच बघत होता, जणू तेही तिथे छापलेलं होतं. “दोनदा बसलो. दोन्ही वेळा गणितात गेलो.”

विद्याश्रीने विळी आडवी केली. पुन्हा उभी केली. पुन्हा आडवी केली.

“म्हणून रूपश्री वही घेऊन आली की तुम्हाला दुकानात काम निघायचं?”

“हो.”

“भर दुपारी. दुकान बंद असताना.”

“हो.”

तिला हसू आल्यासारखं झालं, पण हसू नव्हतं ते. ज्या माणसाच्या एक पायरी खाली म्हणून ती तीन वर्षं…

किरण उठला. खुंटीवरचा शर्ट त्याने अंगात घातला, बटणं वरखाली लावली.

“आत्ता निघालो तर संध्याकाळपर्यंत परत येईन. मी आणतो तुझी कार्डं.”

दाराशी तो थांबला.

“अप्पांना काय सांगू? मला कसं कळलं म्हणून?”

“खरं सांगा.”

“कुणाचं?”

खाली रस्त्यावर एक रिक्षा हॉर्न देत गेली. भागीरथीबाई खाली मान घालून हलक्या आवाजात म्हणाल्या,

“तिचं तेवढं सांग, बाळा. आपलं कशाला?”

विद्याश्रीने बोटांना तेल लावून चीक खरवडून काढला, एकेक बोट, घाई न करता. मग पदर खोचला.

“थांबा,” ती नवऱ्याला म्हणाली. “मीही येते. दोन्ही मीच सांगेन.”

किरणने एका पायात चप्पल घातली होती. दुसरी त्याला कुठे दिसेना. ती त्याच्या समोरच होती.