मुकबिलकाकांच्या चेहऱ्यावर

"कागद बरोबर असेल," गालिब म्हणाला, "पण मला वाचता येत नाही."

धडधडीत खोटं. आम्ही दोघं एकाच शाळेत एका चटईवर बसून शिकलो. चौथीत असताना हा अख्ख्या वर्गाचे निबंध लिहून द्यायचा आणि बदल्यात मूठमूठ मनुका घ्यायचा. पण नाक्यावर बंदूक मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला ही आठवण करून देण्यात शहाणपण नसतं. मी ट्रकच्या पायरीवर उभा राहून गप्प ऐकत होतो.

"मग मी वाचून दाखवते," अफराह म्हणाली.

"वाच की. मला ऐकूही कमी येतं."

त्याची माणसं हसली. अफराह हसली नाही. ही मदत-संस्थेची मुलगी, शहरातली, सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. एकेचाळीस दिवस तिने त्या कागदासाठी उंबरे झिजवले होते. वरच्या बाजूचा शिक्का, खालच्या बाजूचा शिक्का, आणि ज्यांची विमानं डोक्यावरून जातात त्यांचाही. तेव्हा कुठे एक दिवस मिळाला होता. आजचा. सूर्य उगवल्यापासून बुडेपर्यंत या रस्त्यावर बॉम्ब पडणार नव्हते. उद्याचं कोणी बोललं नव्हतं.

आणि नऊ वाजून गेले होते.

बारा ट्रक रांगेत उभे होते, पहिला माझा. पीठ, डाळ, तेलाचे डबे. खाली सौमच्या खोऱ्यात चार महिने एक पोतं गेलं नव्हतं. तिथे लोक वेलींचा पाला उकडून त्याचे गोळे खातात, हे आम्हांला डोंगर चढून वर आलेल्यांकडून कळायचं. त्यांचे ओठ हिरवे झालेले असत. चार महिन्यांपूर्वीच गालिब या नाक्याचा प्रमुख झाला होता, आणि त्याने येऊन पहिलं काम केलं ते रस्ता बंद करण्याचं.

का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी, लढाई लागायच्या आधी, त्याचा धाकटा भाऊ साद मध आणायला खोऱ्यात उतरला होता. विहिरीवर पाणी पिताना त्याला तिथल्या नशवान नावाच्या पोराने गोळी घातली. दोन घराण्यांचं जुनं काहीतरी होतं. पण जुनं असलं तरी त्या दिवशी साद एकटा नव्हता. त्याच्याबरोबर मुकबिलकाका होते.

ते आता माझ्या केबिनमधून उतरत होते. एक पाय पायरीवर, मग जरा थांबून दुसरा. सत्तरीचा माणूस. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या सोबत देणारं. आमच्या डोंगरात दुसऱ्याच्या मुलखातून जायचं तर सोबती लागतो. तो पुढे चालतो आणि सांगतो, हा माणूस माझ्या चेहऱ्यावर आहे. मग त्या माणसाला हात लावणं म्हणजे सोबत्याचा चेहरा कापणं. लग्नाची वरात असो, बकऱ्यांचा कळप असो, काकांनी चाळीस वर्षं सुखरूप नेला आणि आणला. आणि एक दिवस विहिरीवर त्यांचा चेहरा कापला गेला. ज्यांनी कापला त्यांनी मेलेल्याच्या दारात बैल कापून माफी मागायला हवी होती, म्हणजे काकांचा चेहरा त्यांना परत मिळाला असता. पण तेवढ्यात लढाई लागली, आणि तो विषय तिथेच राहिला.

तेव्हापासून काकांनी कमरेचा जंबिया उतरवला. आमच्यात पुरुष जेवायला बसतानाही तो काढत नाही. काका सहा वर्षं नुसत्या कमरेने हिंडत होते. लग्नात गेले तर मागच्या भिंतीशी बसत, आणि चहा घेऊन लवकर निघत.

"सलाम, गालिब," काका म्हणाले.

गालिबने उत्तर दिलं, कारण सलामाला उत्तर द्यावंच लागतं. पण त्याने मान वर केली नाही.

"यांच्याबरोबर तू कशाला आलास, म्हाताऱ्या?"

"सोबत द्यायला."

"कोणत्या चेहऱ्याने? तुझा चेहरा खालच्या विहिरीत पडलाय. माझ्या भावाबरोबर."

मला वाटलं, आता काका परत गाडीत येऊन बसतील. मी बसलो असतो. ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "खरं आहे. चेहरा देता येत नाही मला. म्हणून मीच राहतो. गाड्या जाऊ दे. त्या परत येईपर्यंत मी तुझ्यापुढे बसतो."

"आणि नाही आल्या तर?"

"तर मी इथेच आहे."

"एक पोतं जरी त्यांच्या बंदूकवाल्यांच्या हाती लागलं—"

"मी इथेच आहे म्हटलं ना."

अफराह मध्ये पडली. संस्थेच्या नियमात असं बसत नाही, माणूस ओलीस ठेवून मदत नेता येत नाही, वगैरे. काकांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पोरी, तुझ्या कागदाने वरून काही पडणार नाही," ते म्हणाले. "पण खालून येणाऱ्या गोळ्यांचं काय? त्यांचं मला बघू दे. आणि तुझ्या नियमात लिही, म्हातारा दमला होता, सावलीत बसला."

तिथे सावली नव्हती. वाळूने भरलेली पिंपं होती आणि एक सपाट दगड. काकांनी डोक्याचा रुमाल सोडला. तांबड्या-काळ्या चौकड्यांचा, कडेला रफू केलेला तो रुमाल दोन्ही खोऱ्यांत सगळे ओळखतात. त्यांनी तो माझ्या ट्रकच्या बॉनेटला बांधला, दोन गाठी मारून.

"हिझाम, हा सोडू नकोस. आणि उगाच गाडी पळवू नको, तुझी सवय आहे."

मग बोडक्या डोक्याने जाऊन ते दगडावर बसले. शेवटी गालिबने हाताने खूण केली आणि पोरांनी पिंपं बाजूला लोटली. अफराह खाली आली नाही. काका उन्हात एकटे बसलेत म्हणून ती पाण्याची बाटली घेऊन तिथेच थांबली. नियम काहीही असोत, त्या क्षणी मला ती मुलगी आवडली.

खोऱ्यात उतरायला अडीच तास लागले. शाळेच्या मैदानात लोक आधीच जमले होते. कोणी धावत आलं नाही. माणसं इतकी भुकेली झाली की धावत नाहीत, हे मला तोवर माहीत नव्हतं. बायका ओळीत बसल्या होत्या आणि पोरं त्यांना टेकून. आम्ही पोती उतरवायला लागलो. नऊ ट्रक रिकामे झाले, तेव्हा सात-आठ बंदूकवाले आले. त्यांचा म्होरक्या सरळ माझ्याकडे आला.

"हे मागचे तीन आमचे. डोंगरावर पहारा देणारी पोरंही उपाशीच आहेत."

तेही खोटं नव्हतं. त्याचे स्वतःचे गाल आत गेले होते.

"भावा, माझ्या हातात असतं तर दिलं असतं," मी म्हणालो. "बॉनेटवर बघ."

त्याने रुमाल पाहिला आणि त्याचा आवाज खाली आला. "काका कुठायत?"

"नाक्यावर. गालिबच्या पुढ्यात बसलेत. आम्ही परत जाईपर्यंत."

"कोणाच्या भरवशावर?"

"तुमच्या."

तो मागे सरला नाही. उपाशी माणसाला मागे सरणं जड जातं. तेवढ्यात बायकांच्या ओळीतून एक म्हातारी उठली. नशवानची आई, मिस्क. लोक तिला वाट करून द्यायला बाजूला झाले. ती बॉनेटपाशी आली, रुमालाच्या गाठीवरून तिने हात फिरवला. मग आपल्या डोक्यावरचं वस्त्र काढून तिने त्या रुमालावर ठेवलं आणि पांढऱ्या उघड्या केसांनी तिथे उभी राहिली.

अख्ख्या मैदानाने माना खाली घातल्या. आमच्याकडे बाईने डोक्यावरचं वस्त्र मध्ये टाकलं की त्यापलीकडे पुरुषाला पाऊल टाकता येत नाही. त्या म्होरक्याने जमिनीकडे बघतच आपल्या पोरांना खूण केली आणि ते आले तसे डोंगराकडे निघून गेले. मला हायसं वाटलं, आणि त्यांची कीवही आली.

"त्याचा चेहरा माझ्या पोराने कापला," मिस्क वस्त्र परत डोक्यावर घेत म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही कापू देणार." मग म्हणाली, "निघायची घाई करू नकोस. मी आले."

ती परत आली ती एक शेळी घेऊन. करडी, हाडं वर आलेली, पण कास भरलेली. बरोबर दोन नाती होत्या आणि धाकटी शेळीच्या मानेभोवती हात टाकून चालत होती.

"बैल हवा होता," मिस्क म्हणाली. "बैल आम्ही गेल्या वर्षी खाल्ला. ही गालिबच्या दारात कापा. आणि त्याला सांग, नशवान गेल्या हिवाळ्यात लढाईत गेला. त्याने पाहुण्याला मारलं ते काळं अजून आमच्या घरावर आहे."

आपली माणसं किती पडली, कोण पडलं, हे कोणतीच बाजू दुसरीला कळू देत नाही. गालिब चार महिने ज्याच्यासाठी रस्ता अडवून बसला होता, तो मातीत जाऊन वर्ष होत आलं होतं. एका मेलेल्या माणसासाठी अख्खं खोरं पाला खात होतं. मी शेळीला केबिनमध्ये घेतलं, कारण मागे रिकाम्या ट्रकमध्ये ती घसरून पडली असती. नाती रडल्या नाहीत. त्यांनी नुसतं बघितलं. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चढावर सातव्या ट्रकचं चाक बसलं आणि आमचा पाऊण तास गेला. मी एकदाही वर आभाळाकडे पाहिलं नाही, नुसतं डोंगराच्या सावलीकडे बघत चालवत होतो. नाका दिसला तेव्हा सूर्य पिंपांच्या वर हातभर होता.

काका त्याच दगडावर होते. डोक्यावर रुमाल होता, हिरवा. गालिबचा. दुपारच्या नमाजानंतर त्याने तो काही न बोलता त्यांच्या डोक्यावर टाकला, असं मला अफराहने नंतर सांगितलं. दिवसभरात तेवढंच घडलं होतं.

गालिबने ट्रक पाहिले. सगळे बारा. मग केबिनमधून शेळीला उतरवताना पाहिलं आणि तो उभा राहिला.

"हे काय?"

"नशवानच्या आईने पाठवलीय. तुझ्या दारात कापायला." मी शेळीला खाली ठेवलं. "नशवान गेल्या हिवाळ्यात गेला, गालिब."

तो पिंपावर बसला. बंदूक त्याने बाजूच्या पिंपाला टेकवून ठेवली, ती घसरून पडली, तरी उचलली नाही. "मी रोज त्या वळणाकडे बघत होतो," तो म्हणाला. "येईल कधीतरी म्हणून."

शेळी ट्रकच्या फळीला लागलेलं पीठ चाटत होती. गालिब उठून तिच्याजवळ गेला, वाकला, कासेखाली हात लावून पाहिला.

"दुभती आहे."

"हो."

"घरात पोरं आहेत त्या म्हातारीच्या?"

"दोन नाती."

त्याने जंबिया उपसला, शेळीचा कान धरला आणि टोकाला बारीक चीर दिली. चार थेंब नाक्याच्या मातीत पडले. "साद," तो म्हणाला, आणि पुढे मनात काय म्हणाला ते त्याचं त्याला ठाऊक. मग पातं बाहीला पुसून म्यानात घातलं.

"सांडलं रक्त. झालं," तो म्हणाला. "हिला पुढच्या फेरीला परत न्या."

अफराहने झटकन माझ्याकडे पाहिलं. पुढची फेरी. एकेचाळीस दिवसांत हे दोन शब्द तिला कोणी दिले नव्हते. तिने लगेच वही काढली आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, न लिहिताच मिटली.

गालिबने काकांपुढे हात केला. "उठा, काका. फार वेळ बसलात."

शेळी काकांच्याच अंगणात राहिली. आठव्या दिवशी पहाटे मी ट्रक घेऊन त्यांच्या दारात गेलो तेव्हा ते उंबऱ्यावर बसले होते. मांडीवर जंबिया होता आणि त्याचा रुंद, जरीचा पट्टा. सहा वर्षं पेटीत राहून तो कडक झाला होता. त्यांनी तो कमरेला लावून पाहिला. शेवटच्या भोकात अडकवला तरी ढिलाच राहिला, जंबिया खाली मांडीपर्यंत ओघळला. इतकी वर्षं त्यांच्या कमरेकडे कोणी नीट पाहिलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

"हिझाम," ते म्हणाले, "तुझ्याकडे एखादा खिळा आहे का?"

मी खिळा आणि हातोडी काढून दिली. त्यांनी पट्टा दगडावर पसरला, बोटाने जागा मोजली आणि जुन्या भोकांपासून चार बोटं आत एक नवं भोक पाडलं.